बिननावाची

१

पिल्लू घरात आणलं की पहिलं काम वर्तमानपत्रांचं. हे मला समोरच्या फ्लॅटमधल्या रोशनीनं शिकवलं. गॅलरीच्या कोपऱ्यात चार पानं अंथरायची, पिल्लानं खाल्लं की पाच मिनिटांत उचलून तिथे न्यायचं, झालं की शाबासकी द्यायची. चुकून हॉलमध्ये केलं तर ओरडायचं नाही. खोक्यात जुनी साडी, साडीखाली गरम पाण्याची पिशवी, शेजारी टिकटिक करणारं घड्याळ, म्हणजे त्याला आईच्या काळजासारखं वाटतं. मी तीस वर्षं अंगणवाडी चालवली. शेकडो पोरांना योग्य जागी शू करायला शिकवलं. पण कुत्र्याच्या पिल्लासाठी माझ्या निम्म्या वयाच्या बाईनं मला यादी लिहून दिली आणि मी ती गुमान फ्रिजवर लावली.

पिल्लू मला पळस्प्याच्या फाट्यावर सापडलं. आई ट्रकखाली गेली होती. टपरीवाल्यानं बाकीची वाटून टाकली होती, ही एक उरली, कारण मादी. "घेऊन जा मावशी, नायतर हीपन जाईल," तो म्हणाला. माझ्या ओंजळीत मावत होती. पिशवीतली भाजी हातात घेतली आणि तिला पिशवीत घातलं.

मी वेणू घरत. वय त्रेसष्ट. पनवेलच्या खाडीकडच्या अंगाला आमचं मिठागर होतं, त्यावर आता ही इमारत आहे आणि चौथ्या मजल्यावर मी. माझे मालक पाच वर्षांपूर्वी गेले. मुलगा शैलेश खारघरला, बेलपाड्याजवळ राहतो. पिल्लाची बातमी माझ्याआधी त्याच्यापर्यंत पोचली, कारण सोसायटीच्या सेक्रेटरीनं त्याला फोन केला होता.

"आई, या वयात हे काय काढलंस? सोसायटीत चालत नाही म्हणतात ते."

"त्यांची लिफ्ट जिथं उभी हाय ना, तिथं मी मीठ भरलंय डोक्यावरून," मी म्हटलं. "त्यांना सांग, बाई ऐकत नाय."

मग नातीनं, पूर्वीनं, फोन हिसकावला. नऊ वर्षांची आहे. "आजी, नाव मी ठेवणार! मी रविवारी येते. तोपर्यंत तू काहीच नाव ठेवायचं नाही. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. तिथेच चुकले. इतर कुणी ही चूक केली असती तर तिला चूक म्हणता आलं नसतं. मला माहीत होतं, आणि तरी मी केली.

२

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, हॉलच्या मधोमध एक पान ओलं दिसलं. मी तिथे पान टाकलंच नव्हतं. वाटलं, पिल्लानं गॅलरीतून ओढत आणलं असेल. उचललं नाही, म्हटलं आधी वाळू दे. जेवण करून आले तर पान वाळून कडक झालं होतं आणि त्यावर पांढरा थर धरला होता.

मीठ ओळखायला मला चाखावं लागत नाही. तरी चाखलं. कुत्र्याच्या मुतानं भिजलं असेल अशा कागदाला जीभ लावणारी पनवेलात मी एकटीच असेन. मीठच होतं. बाजारातलं पिशवीतलं नाही. आगरातलं, थोडं कडवट, जाड.

आमच्या इमारतीला बोअरचं पाणी आहे आणि ते खारट आहे, तेव्हा कारण समोरच होतं: कुठेतरी पाइप गळत असणार. मी प्लंबर बोलावला. त्यानं गुडघ्यावर बसून फरशी ठोकली, कान लावला आणि उठला.

"काकी, हॉलखालून पाइपच नाय. पाणी येनार कुठून?"

"मग हे काय?"

"कुत्रा पालल्यावर ह्ये चालायचंच," तो म्हणाला आणि हसला. मी त्याला चहा दिला नाही.

दुपारी तीनला मी जरा आडवी झाले होते. तेव्हा पहिल्यांदा तो आवाज आला. थप. थप. थप. घाई नाही, थांबणं नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी व्यायाम करत असेल असं म्हणून मी कूस बदलली. मग आठवलं, वरचा फ्लॅट बंद असतो. त्याचा मालक दुबईत आहे.

मी उठून हॉलच्या दारात आले. पिल्लू हॉलच्या मधोमध बसलं होतं, शेपटी हलवत, मान वर करून. आवाज माझ्या समोरच्या फरशीतून येत होता.

तो आवाज मला ठाऊक होता. मीठ पिकवायच्या आधी आगराची जमीन पायांनी तुडवून घट्ट करावी लागते. बायका ओळीनं, कमरेवर हात ठेवून, अनवाणी, दिवसच्या दिवस तुडवायच्या. माझ्या टाचा अजून त्याची साक्ष देतात. पण त्या ओळीत वीस बायका असायच्या. इथे एकच होती.

३

बुधवारी मी पिल्लावर डोळा ठेवला. बघते तर काय, तीनच्या सुमाराला ते माझ्या मांडीवरून उठलं. कान टवकारले. कुणी जवळ बोलावल्यावर जसं जातं तसं लुटुलुटू हॉलच्या मध्यावर गेलं, बसलं आणि हनुवटी वर केली. हनुवटीखाली कुणी खाजवलं की पिल्लं डोळे मिटतात. तिनं डोळे मिटले.

"अगं ए," मी हाक मारली. ती वळली नाही. का वळेल? ए म्हणजे काही नाव नव्हे.

मी जाऊन उचललं तर तिच्या डोक्यावरचे केस ओले होते. संध्याकाळपर्यंत ते वाळून ताठ झाले, पांढरे. मी कोमट पाण्यानं पुसले.

रोशनीला सांगितलं. ती घरूनच कंपनीचं काम करते, कानात ते बोंडूक घालून दिवसभर बोलत असते. तिनं बोंडूक काढलं आणि नीट ऐकून घेतलं, हे तिचं मला आवडतं.

"काकू, टेन्शन नका घेऊ. पिल्लं अशीच शून्यात बघतात. आमच्या नाशिकच्या घरी कुत्रा होता ना, तो तासभर भिंतीकडे बघायचा. आणि मीठ म्हणजे बोअरचं पाणी, दुसरं काय?"

"भिंतीनं त्याचं डोकं ओलं केलेलं कदी?"

तिनं बोंडूक टेबलावर ठेवलं. मग म्हणाली, "तुम्हाला काय वाटतंय?"

मला काय वाटतंय ते मी तिला सांगितलं नाही. बेचाळीस वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं.

४

इमारत झाली तेव्हा मालकांनी हॉलमध्ये उभं राहून फरशीवर पाय आपटला होता. "इथं, बरोब्बर खाली, आपली उघाडी होती," ते म्हणाले होते. उघाडी म्हणजे बांधातली लाकडी दारं, खाडीचं पाणी आत घ्यायची. दर वर्षी हंगामाच्या सुरुवातीला माझी सासू, गंगाबाई, त्या उघाडीपाशी एकटी जायची. जाताना पदराखाली काहीतरी असायचं. कधी कोंबडीचं पिल्लू, कधी मांजरीचं. येताना पदर मोकळा असायचा. मी नवी नवरी, एकदा विचारलं. ती म्हणाली, "नाव नसलेलं घरचं नसतं. ते बांधाचं."

माझी पहिली मुलगी नऊ दिवसांची होती. त्या वर्षी बांधाला तीनदा खांड पडली होती, खाडी आत शिरून सगळं पीक विरघळलं होतं, घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बारसं बाराव्या दिवशी व्हायचं होतं. त्या दुपारी तीनच्या सुमारास मला डोळा लागला. जाग आली तर कूस रिकामी. सासू दारात उभी होती, हात कोपरापर्यंत ओले.

"गेली," ती म्हणाली. "बारसं झालं नव्हतं. रडायचं नसतं."

मी मालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, "इचारू नको." मी विचारलं नाही. त्या वर्षी बांधाला पुन्हा खांड पडली नाही.

पोर आजारी होती का? थोडी गरम लागत होती. नऊ दिवसांची पोरं जातात, तेव्हा तर पुष्कळ जायची. हे मी स्वतःला बेचाळीस वर्षं सांगत आले आहे आणि ते खरंही असेल. पण गेलेलं पोर न्यायचं असतं तर आईला उठवून दाखवतात. एवढं तरी करतात.

पुढे मी अंगणवाडीत शेकड्यांनी नावं लिहिली. पोर दारात आलं की आधी नाव विचारायची आणि शाईनं लिहायची, पेन्सिलीनं कधीच नाही. पर्यवेक्षिका म्हणायच्या, वेणूबाईंची हजेरी बघण्यासारखी असते. मला राग येतो तो याचा, की एवढं सगळं केलं आणि घरातल्या घरात एक प्रश्न विचारला नाही. सासूची भीती वाटली. बाई चार फूट दहा इंच होती.

५

गुरुवारी मी कचरा खाली द्यायला गेले. दार बाहेरून ओढून घेतलं होतं, पिल्लू खोक्यात झोपलं होतं. पाच मिनिटांत वर आले तर खोकं रिकामं.

पलंगाखाली नाही, फ्रिजमागे नाही, गॅलरीत नाही. मग हॉलमधून बारीक कुंईकुंई ऐकू आली. मघाशी मी हॉलमधूनच गेले होते. ती फरशीवर पोटावर पसरली होती, चारही पाय चार दिशांना, उठायला बघत होती आणि उठता येत नव्हतं. चिखलात रुतलेलं जनावर तसं करतं. मी बगलेत हात घालून ओढलं. ओढावं लागलं, जोर लावून. मग एकदम सुटली आणि मी मागे आपटले. पोटापर्यंत भिजली होती आणि थंडगार होती. फरशी मात्र कोरडी.

मी तिला छातीशी धरून शैलेशला फोन केला. सगळं नाही सांगितलं, पण आवाजावरून त्याला कळलं.

"आई, तू इकडे ये बरं. आत्ता गाडी घेऊन येतो. आणि ते पिल्लू देऊन टाक कुणाला तरी."

"नाय."

"अगं, एका कुत्र्यासाठी—"

"एकदा दिली," मी म्हटलं. "आता नाय देनार."

तो काय ते समजला नाही. त्याला बहीण होती हेही त्याला माहीत नाही. मी फोन ठेवला, पिल्लाला टॉवेलनं खसखसून पुसलं आणि रोशनीची बेल वाजवली.

"उद्या दुपारी तीनला ये," मी म्हटलं. "हिचं बारसं हाय."

६

हॉलच्या छताला झोपाळ्यासाठी कडी आहे. तिला मी माझ्या लग्नातल्या हिरव्या साडीची झोळी बांधली, बरोबर मधोमध, मुद्दाम. हरभऱ्याच्या घुगऱ्या केल्या. पूर्वीचं प्रॉमिस मोडत होते, पण रुसलेल्या नातीची समजूत काढता येते.

रोशनी साडी नेसून आली. तिला गंमत वाटत होती. आम्ही झोळीच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो. बारशात बाळाला पाळण्यावरून आणि पाळण्याखालून इकडून तिकडे देतात. एक बाई म्हणते, गोविंद घ्या, दुसरी घेते आणि म्हणते, गोपाळ घ्या. मग कानात नाव. मी रोशनीला समजावलं आणि घड्याळाकडे पाहिलं. तीनला दोन मिनिटं कमी होती.

"गोविंद घ्या," मी म्हटलं आणि झोळीवरून पिल्लू दिलं.

"गोपाळ घ्या," रोशनी हसत म्हणाली आणि खालून परत केलं.

आवाज सुरू झाला. थप. थप. रोशनीचं हसू गेलं. "वर कुणी आलंय का राहायला?" तिनं विचारलं. मी पुन्हा वरून दिलं, पुन्हा खालून घेतलं. मग खालून द्यायची पाळी माझी. मी वाकले. झोळीचा घेर फरशीला टेकायला वीतभरच कमी होता, पलीकडचं दिसत नव्हतं. मी हात पुढे केले. "गोविंद घ्या."

पलीकडून हातांनी पिल्लू धरलं. बोटं गार होती.

"काकू," रोशनीचा आवाज माझ्या मागून आला, दारातून. "बेल वाजली म्हणून उठले. सेक्रेटरी आलेत."

मी वळले नाही. पिल्लाच्या अंगावर चार हात होते आणि त्यातले दोन माझे. दुसरे दोन झोळीच्या काठाखालून कोपरापर्यंत दिसत होते. ओले, काळे, चिरांमध्ये पांढरं मीठ भरलेलं. उजव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं. सासूचं ते नख मीठ ओढायच्या फळीखाली सापडून फुटलं होतं. त्यावर हळद मीच बांधली होती.

हात ओढत होते. जोरात नाही. माझं मला दे, अशा हक्कानं. पिल्लू ओरडतही नव्हतं. त्यानं डोळे मिटून घेतले होते.

भीती वाटली का? वाटली. पण तिच्यापेक्षा मोठा संताप होता, आणि तो शिळा नव्हता, बेचाळीस वर्षं ताजा राहिला होता. मी फरशीवर आडवी झाले, डोकं झोळीखाली घातलं आणि तोंड पिल्लाच्या कानाशी नेलं. माझ्या नाकाला त्या हातांचा वास आला. भरतीच्या चिखलाचा.

"सोडा, आत्याबाई," मी म्हटलं. "ही घरची हाय." आणि तिच्या कानात, "कुर्रर्र! निवटी!"

निवटी म्हणजे आमच्या खाडीच्या चिखलातली उड्या मारणारी मासळी. धरायला जावं तर हातातून निसटते. पिल्लानं डोळे उघडले, एक झटका दिला आणि चारही हातांतून सुटून माझ्या गळ्याशी येऊन पडलं.

ते हात गेले नाहीत. तिथेच राहिले, उताणे, रिकामे. दुसरं काही द्याल का म्हणून वाट बघत असल्यासारखे.

"आनि तिचं नाव जयवंती," मी म्हटलं. हे नाव मी नऊ दिवस मनात घोळवलं होतं, कधी उच्चारलं नव्हतं. "ऐकलं काय? जयवंती बळीराम घरत. माझी पयली मुलगी. तिलापन नाव हाय. ती बांधाची नाय. द्या माझी मला."

थप थप थांबलं. बोटं हळूहळू मिटली. मग फक्त फरशी होती, आणि तिच्यावर पाणी.

सेक्रेटरी दारातून आत डोकावले. म्हातारी जमिनीवर आडवी, छातीवर कुत्रं, हॉलभर पाणी. "बघा, घाण केली ना कुत्र्यानं!" ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "लिवा नोटिशीत. नाव निवटी घरत. आनि घुगऱ्या घेऊन जा."

रोशनीनं मला हात देऊन उठवलं. तिची नजर पाण्यावर होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं पाणी पुसलं. फडकं वाळल्यावर ताठ झालं ते तिनंच मला आणून दाखवलं.

७

पूर्वी रविवारी आली, दहा मिनिटं रुसली आणि मग दिवसभर "निवटीऽ" म्हणून ओरडत घरभर पळाली. संध्याकाळी मी शैलेशला समोर बसवलं आणि त्याला त्याच्या बहिणीचं सांगितलं. त्यानं वाकून फरशीवर हात टेकला. मग म्हणाला, "आई, चल ना खारघरला." मी नाही म्हटलं.

निवटी आता शिकली आहे. खाल्लं की आपणहून गॅलरीत जाते, कागदावर करते आणि शाबासकीसाठी परत येते. नावानं हाक मारली की कुठे असेल तिथून धावत येते. तो आवाज पुन्हा आला नाही. सासूचे हात पुन्हा आले तर येऊ देत. या घरात आता बिननावाचं कुणी नाही.

मात्र गेल्या मंगळवारी हॉलच्या मधोमध पुन्हा एक पान पडलेलं होतं. मी ते वाळू दिलं आणि चष्मा लावून पाहिलं. पांढऱ्या थरावर निवटीचे पंजे होते, इकडे तिकडे, खेळल्यासारखे. त्यांच्या शेजारी एक पाऊल होतं. माझ्या अंगठ्याएवढं. पाच बोटं, मसुरीच्या दाण्यांसारखी.

नऊ दिवसांचं बाळ चालत नाही, हे तीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईला कुणी सांगायला नको. शिवाय एवढी वर्षं खाली राहून काय वर आलं असेल, हेही माझं मनाशी विचारून झालं आहे. पण माझी आहे.

मी फ्रिजवरच्या यादीखाली शाईनं दोन नावं लिहिली. गॅलरीत आता दोन ठिकाणी कागद अंथरते. दुपारी तीन वाजता हॉलमध्ये बसते आणि दोघींना नावानं हाक मारते. निवटी धावत येऊन मांडीवर उडी मारते. दुसरीला यायला वेळ लागतो. लागू दे.